सिंकसमोरची मॅट : तिसऱ्या खेपेला जमलं

पहिली मॅट दिसायला झकास. सुती, जाडजूड, खाली रबराचा पातळ थर. चार-पाचदा गरम पाण्यात धुतल्यावर त्या थराचा भुगा पडायला लागला आणि एके दिवशी हातात गरम पातेलं असताना मॅट पायाखालून सरकली. पातेलं वाचलं, मॅटची मात्र त्याच दिवशी हकालपट्टी.

मग फोमची आणली. टाचांना काय तो आराम! पण दोन महिन्यांत, मी रोज उभी राहते तिथे पावलांच्या आकाराचे खड्डे. हलका फोम एकदा बसला की बसलाच.

तिसऱ्या वेळी अंगठ्याने जोरात दाबून पाहिलं. खूण लगेच भरून आली, तीच घेतली. नायट्राइल नावाच्या कृत्रिम रबराची, साधारण १५ मिलिमीटर जाड, कडा उतरत्या. सरळ कडेला ठेच ठरलेली. नैसर्गिक रबर तेलाने फुगून मऊ पडतं, नायट्राइल तेलाला बरंच पुरून उरतं. म्हणून शेगडीपुढेही तेच.

खाली विनाइलचं फ्लोअरिंग असेल तर मात्र रबर नकोच. रबरातली रसायनं विनाइलमध्ये मुरतात आणि पिवळट-तपकिरी डाग पडतो, तो कितीही घासा, जात नाही. आमच्याकडे टाइल्स आहेत, म्हणून सुटले.

रात्री मॅट उचलून भिंतीला टेकवते, नाहीतर खाली ओल कोंडून कुबट वास येतो. मध्ये ही नवीनही जरा सरकायला लागली होती. उलटून पाहिलं तर पाठीला पिठाचा थर! ओल्या फडक्याने पुसला, वाळवली, परत घट्ट बसली.