वजनाच्या ऑपरेशननंतर कॅल्शियमची गोळी घेताना हे बघा

वजन कमी करायला पोटाची बायपास किंवा स्लीव्ह (पोट कापून लहान करणं) झाली असेल तर आधी डबी उलटी करून मागची बारीक अक्षरं वाचा, कार्बोनेट लिहिलंय की सायट्रेट. कार्बोनेट विरघळायला पोटात अ‍ॅसिड लागतं आणि ऑपरेशननंतर तेच कमी झालेलं असतं, म्हणून सायट्रेट बरं पडतं, रिकाम्या पोटीही चालतं. पण त्यात एक गंमत आहे, १००० मिलिग्रॅम सायट्रेटमधे खरं कॅल्शियम फक्त २१० च्या आसपास, त्यामुळे ‘एलिमेंटल’ पुढचा आकडा धरायचा. तो दिवसाला साधारण १२०० ते १५०० लागतो, आणि शरीर एका वेळी ५००-६०० च्या वर नीट घेतच नाही मग सकाळीच सगळं गिळून मोकळं होण्यात काही अर्थ नाही, दोन-तीन भाग करा, आयर्नच्या गोळीत आणि यात किमान २ तास जाऊ द्या. मी मोबाईलला अलार्म लावलेत, घरचे वैतागतात, वैतागू देत.

आणि हो, रक्तातलं कॅल्शियम नॉर्मल आलं म्हणून खूश होऊ नका, कमी पडलं की शरीर ते हाडांतून काढून रक्ताची लेव्हल सांभाळतं, म्हणजे रिपोर्ट छान पण हाडं झिजतायत. व्हिटॅमिन डी आणि पीटीएच (हाडांतून कॅल्शियम काढायला लावणारं हार्मोन) यांची तपासणी पण करायला सांगा, पीटीएच वाढलेलं दिसलं तर डॉक्टरांना डोस विचारा, स्वतःच्या मनाने वाढवू नका. डेक्सा स्कॅनचंही (हाडांची घनता मोजतात ते) तेव्हाच विचारून घ्या. चालणं चांगलंच, पण जोडीला थोडी वजनं उचला.