या चुका टाळा : ‘घरचे खेळाडू बाहेर गेले’ अशी बातमी लिहिताना

अमेरिकेतील कॉलेज फुटबॉलच्या (सॉकर नव्हे, अमेरिकन फुटबॉल) प्रशिक्षकावर सहज होणारा आरोप म्हणजे, त्याला आपल्याच राज्यातील हायस्कूलचे चांगले खेळाडू राखता येत नाहीत. हा आरोप कधीकधी खराही असतो. मात्र त्यासाठी लागणारी मोजदाद वार्तांकनात क्वचितच दिसते. २००८ ते २०१० हे तीन हंगाम मिशिगन विद्यापीठाच्या संघाचे प्रशिक्षक असलेल्या रिच रॉड्रिग्ज यांच्यावरही तो वारंवार झाला.

पहिली चूक म्हणजे केवळ गेलेल्यांची गणती. २०१० मध्ये डेट्रॉइटचा विल्यम घोल्स्टन राज्यातल्याच प्रतिस्पर्धी मिशिगन स्टेट विद्यापीठाकडे गेला, हे खरेच. पण त्याच वर्षी इंकस्टरचा क्वार्टरबॅक (आक्रमणाची सूत्रे हाती असलेला खेळाडू) डेव्हिन गार्डनर आणि आदल्या वर्षी डेट्रॉइटच्या कॅस टेक हायस्कूलचा विल कॅम्पबेल मिशिगनकडे आले. गेलेले आणि आलेले एकाच परिच्छेदात मांडावेत. शिवाय राज्यातील पहिल्या दहांच्या यादीतील प्रत्येक जण त्या संघाला हवा होता, असेही गृहीत धरू नये. त्या काळी संघाला एकूण ८५ आणि वर्षाला नव्या २५ स्कॉलरशिपची मर्यादा होती. रॉड्रिग्ज यांच्या पद्धतीला धावणारा क्वार्टरबॅक लागे. तो त्यांना फ्लोरिडातील डिअरफिल्ड बीचच्या डेनार्ड रॉबिन्सनमध्ये मिळाला आणि २०१० च्या हंगामात तो १,७०२ यार्ड धावला.

दुसरी चूक तारखेची. रॉड्रिग्ज यांची नेमणूक डिसेंबर २००७ मधली, तर नव्या खेळाडूंच्या करारपत्रांवर सह्या व्हायच्या फेब्रुवारी २००८ मध्ये. हायस्कूलच्या प्रशिक्षकांशी संबंध जुळायला वर्षे लागतात, त्यामुळे त्या पहिल्या तुकडीचे सगळे श्रेय किंवा अपश्रेय नव्या माणसाच्या नावावर टाकता येत नाही.

‘पूर्वी घरचेच खेळाडू असत’ अशा परंपरेचा दाखला देताना तर फारच सावध राहावे. मिशिगनचे हाइसमन करंडक (वर्षातील सर्वोत्तम कॉलेज खेळाडूचा मान) मिळवणारे तिघे, म्हणजे टॉम हार्मन इंडियानाचे आणि डेसमंड हॉवर्ड व चार्ल्स वुडसन ओहायोचे. पुढे व्यावसायिक फुटबॉल गाजवणारे टॉम ब्रेडी तर कॅलिफोर्नियाहून आले होते. तुलना करायचीच असेल, तर ती आधीचे प्रशिक्षक लॉइड कार यांच्या तितक्याच वर्षांशी करावी, आठवणीतल्या सुवर्णकाळाशी नव्हे.

सर्वांत गंभीर चूक मात्र मौनाचा अर्थ लावण्याची आहे. कॉलेज खेळांचे नियमन करणाऱ्या एनसीएए या संस्थेच्या नियमानुसार, सही न झालेल्या खेळाडूच्या गुणवत्तेविषयी किंवा तो येण्याच्या शक्यतेविषयी प्रशिक्षकाला जाहीर बोलता येत नाही. त्याच्याशी संपर्क आहे एवढेच फार तर सांगता येते. परिणामी बातमीतील जवळजवळ सारी माहिती खेळाडू, त्याचे कुटुंब, हायस्कूलचा प्रशिक्षक आणि मानांकन देणाऱ्या संस्था यांच्याकडूनच येते, आणि ‘प्रशिक्षकांनी बोलण्यास नकार दिला’ हे वाक्य वाचकाला कबुलीजबाबासारखे वाटते. तेथे नियमाचा उल्लेख एका ओळीत करावा आणि सह्या झाल्यानंतर तोच प्रश्न पुन्हा विचारावा. ‘ऑफर’ म्हणजे संघात येण्याचा प्रस्ताव, या गोष्टीचेही तसेच आहे. ती विद्यापीठ नव्हे, तर खेळाडू जाहीर करतो. शिवाय काही ऑफर अशा असतात की त्या क्षणी होकार दिला तरी संघ जागा देईलच असे नसते. खेळाडूने नाकारले की संघाने आधीच हात आखडता घेतला होता, हे विचारल्याशिवाय ‘हातचा गेला’ असे लिहू नये.

मानांकन संस्था हायस्कूलच्या खेळाडूंना देतात ते तारे हा पुरावा मानण्याचा मोह आवरावा, एवढे एक उदाहरण पुरे : रॉचेस्टर, मिशिगन येथील, फारसे तारे न मिळालेला एरिक फिशर त्याच काळात सेंट्रल मिशिगन विद्यापीठाकडे गेला आणि २०१३ च्या एनएफएल ड्राफ्टमध्ये (व्यावसायिक लीगच्या खेळाडू-निवडीत) पहिल्या क्रमांकावर निवडला गेला. मिशिगन आणि मिशिगन स्टेट या राज्यातील दोन्ही मोठ्या संघांकडे तो नव्हता, त्यामुळे ठपका एकाच प्रशिक्षकावर ठेवणे जमत नाही.

रॉड्रिग्ज यांच्या संघाच्या सरावाच्या तासांवरून २००९ मध्ये उठलेला वाद वेगळा आहे. त्याची भर येथे घालू नये. तीन हंगामांत १५ विजय आणि २२ पराभव, हा हिशेबही स्वतंत्रपणे पुरेसा कठोर आहे. मिशिगन स्टेटविरुद्ध तिन्ही वर्षे झालेले पराभव खेळाडूभरतीशी जोडायचे असतील, तर त्या सामन्यांत दोन्ही बाजूंनी खेळलेल्यांपैकी किती जण राज्यातले होते ते आधी मोजावे. २०१० मध्ये मिशिगन स्टेटकडून खेळू लागलेला लेव्हिऑन बेलही ओहायोचाच होता.