पोपटाला कॅरिअरमधून नेताय? या चुका टाळा

नाशिकहून पोपट घेऊन बाहेरगावी निघालेल्या माणसाचा पहिला प्रश्न हमखास खाण्याचा असतो. वाटेत काय द्यायचं, किती वेळाने द्यायचं, पेरू चालेल का, मिरची बरोबर घेऊ का? कसारा घाटाने मुंबईला जायला चार तास धरा, सिन्नर-संगमनेरवरून पुण्याला पाच. तेवढ्यात धडधाकट कॉकटील किंवा कोन्यूर (हे पाळीव परदेशी पोपट) भुकेने आजारी पडत नाही. तो आजारी पडतो तापलेल्या गाडीने, डॅशबोर्डवरच्या सुगंधी बाटलीने, पायाखालून सटकणाऱ्या प्लास्टिकने. आणि हरवतो एका ढिल्या कडीमुळे. म्हणून या लेखात खाणं बरंच खाली आलं आहे.

आपला पोपट कोणता, हे न बघताच निघणं

हे कुणाला आवडत नाही, पण आधीच सांगितलेलं बरं. गळ्याभोवती कंठ असलेला आपला हिरवा पोपट आणि त्याचा थोराड भाऊ पहाडी पोपट हे इथले रानपक्षी आहेत. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार ते पकडणं, विकणं आणि घरात ठेवणं गुन्हा आहे. ‘आमच्याकडे आजोबांपासून मिठू आहे’ हे कायद्यापुढे चालत नाही. असा पक्षी घरात असेल तर त्याला सहलीला न नेता वन विभागाशी बोला. घराच्या गच्चीवरून परस्पर उडवून देऊ नका. माणसाच्या हातावर वाढलेल्या पक्ष्याला बाहेर अन्नही शोधता येत नाही आणि मांजरही ओळखता येत नाही.

बजी, कॉकटील, लव्हबर्ड, कोन्यूर, आफ्रिकन ग्रे, मकाव हे परदेशी पोपट पाळता येतात. त्यातल्या आफ्रिकन ग्रे, मकाव, सन कोन्यूर अशा पक्ष्यांची २०२४ च्या नियमांप्रमाणे केंद्र सरकारच्या ‘परिवेश’ पोर्टलवर नोंदणी लागते. बजी आणि कॉकटीलला ती लागत नाही. खरेदीची पावती आणि नोंदणीचा कागद यांचा फोटो मोबाइलमध्ये आणि एक प्रत गाडीत ठेवा. तुमच्यासाठी कितीही वेगळा असला, तरी नाक्यावर उभ्या असलेल्या माणसाला पोपट म्हणजे पोपटच.

घरचा पिंजरा उचलून मागच्या सीटवर ठेवणं

‘त्याला त्याच्याच घरात बरं वाटेल’ हा विचार प्रेमाचा आहे, पण गाडीत तो उलटा पडतो. घरच्या पिंजऱ्यात झोका असतो, घंटा असते, पाण्याची वाटी असते. चंदनापुरी घाटात पुढच्या ट्रकने ब्रेक मारला की हे सगळं एकदम हलतं आणि पक्षी तारेवर आपटतो. प्रवासाचा कॅरिअर, म्हणजे पक्षी न्यायची पेटी, मुद्दाम लहान असावा: पक्ष्याला ताठ उभं राहता यावं, शेपूट न घासता वळता यावं, इतकाच. पंख पसरून फडफडायला जागा मिळाली तर घाबरलेला पक्षी तीच जागा वापरून स्वतःला इजा करून घेतो.

माझं मत विचाराल तर मांजरांसाठी मिळतो तो कडक प्लास्टिकचा, जाळीच्या दाराचा कॅरिअर सगळ्यात बरा. तीन बाजू बंद असल्याने पक्ष्याला आडोसा मिळतो आणि बाजूच्या झडपांतून हवाही येते. त्यात पेरूच्या झाडाची साल असलेली, हाताच्या करंगळीएवढी किंवा अंगठ्याएवढी जाड दांडी, पक्ष्याच्या पंजाच्या मापाने, दोन्ही बाजूंनी स्क्रूने पक्की करा. ती खालीच हवी, शेपूट जेमतेम जमिनीच्या वर राहील इतकी. घसरला तरी लागत नाही. गुळगुळीत प्लास्टिकची दांडी देऊ नका, घाटाच्या वळणांवर तीवर पकडच बसत नाही. दांडीवर बसायला नको म्हणणारा पक्षी तळाशी बसून प्रवास करेल, त्याला बसू द्या.

तळाला काय घालता हेही बघा. वर्तमानपत्र सरकतं. टर्किश टॉवेलच्या धाग्यांच्या वेढ्यांत नखं अडकतात, आणि अडकलेलं नख ओढून काढताना बोट दुखावतं. जुन्या सुती चादरीची दोन-तीन पदरी घडी उत्तम.

कापडी, जाळीच्या बॅगा दिसायला छान असतात आणि पाठीवर घेऊन फिरायलाही सोयीच्या. बजीसाठी तासाभराच्या अंतराला चालतील. कोन्यूर किंवा ग्रे मात्र जाळी कुरतडतो, चेनची पट्टी चावतो आणि निवांत बाहेर येतो. स्वस्त जस्त चढवलेल्या तारेचे पिंजरेही टाळा. चोचीने तो मुलामा सोलून पोटात गेला की जस्ताची विषबाधा होते, आणि लांबच्या रस्त्यावर कंटाळलेला पोपट तार चावतोच चावतो.

निघायच्या दिवशी सकाळी कॅरिअर पहिल्यांदा दाखवणं

मग काय होतं ते ठरलेलं आहे. पक्षी पडद्यावर, घरातले सगळे टॉवेल घेऊन मागे, आजी देवघरातून ओरडतायत, ‘अरे, पंखा बंद करा आधी!’ शेवटी कुणीतरी झडप घालून छातीभोवती मूठ आवळतं. यातली सगळ्यात धोक्याची गोष्ट ती मूठ आहे. पक्ष्यांना आपल्यासारखं श्वासपटल, म्हणजे छाती आणि पोटामधला स्नायूचा पडदा, नसतं. छातीचा पिंजरा पुढे-मागे हलला तरच हवा आत येते. छाती घट्ट धरली की नाक-तोंड मोकळं असूनही पक्षी गुदमरतो. टॉवेलने धरावंच लागलं तर पकड मानेच्या वरच्या भागात, जबड्याच्या खाली हलकी ठेवा. छाती मोकळी सोडा.

त्यापेक्षा दोन-तीन आठवडे आधी कॅरिअर उघडा करून पिंजऱ्याजवळ ठेवा. त्याची सगळ्यात आवडती गोष्ट, राळ्याचं कणीस म्हणा किंवा सूर्यफुलाचं बी, फक्त त्यातच द्या. तो आपणहून आत जायला लागला की दार लावून दोन मिनिटं थांबा, मग कॅरिअर उचलून सोसायटीत एक चक्कर. मग इंजिन चालू असलेल्या उभ्या गाडीत थोडा वेळ. मग गंगापूर धरणापर्यंत जाऊन परत. ज्या पायरीला तो बिथरेल, तिथे दोन दिवस जास्त घालवा. घाई करून ही पायरी गाळलेल्यांचे फोन कसाऱ्यातून येतात.

गाडीतली हवा

इथे जरा थांबून वाचा, कारण बाकीच्या चुका निस्तरता येतात, ही बऱ्याचदा येत नाही.

पोपटाच्या शरीराचं तापमान मुळातच ४१ अंशांच्या आसपास असतं आणि त्याला घाम येत नाही. चोच उघडी ठेवून धापा टाकणं आणि पंख अंगापासून दूर धरणं, एवढीच त्याची गार होण्याची साधनं. नाशिकची हवा थंड म्हणून ओळखली जाते, पण एप्रिल-मेच्या दुपारी इथेही पारा चाळिशीला टेकतो. बाहेर ३५ अंश असताना उन्हात उभी असलेली बंद गाडी अर्ध्या तासात पन्नाशी गाठते. काच बोटभर खाली ठेवल्याने त्यात फार फरक पडत नाही. ‘मिसळ खाऊन लगेच येतो’ म्हणून पक्षी गाडीत सोडून जाऊ नका. एकाने गाडीत थांबायचं, नाहीतर कॅरिअर हातात घेऊन सावलीत बसायचं. उन्हाळ्यात पहाटे पाचला निघालात तर अर्धा प्रश्न सुटलाच.

एसी चालेल, पण झोत थेट कॅरिअरवर नको. पावसाळ्यात इगतपुरीला धुक्यात खिडकी उघडायची हौस सगळ्यांनाच असते. पक्षी असताना नको, ओल्या गार वाऱ्याने तो कुडकुडतो.

दुसरी गोष्ट वासाची. पक्ष्याच्या फुप्फुसांना हवेच्या पिशव्या जोडलेल्या असतात. प्रत्येक श्वासातून तो आपल्यापेक्षा जास्त प्राणवायू काढून घेतो आणि त्याच वेगाने हवेतलं विषही. एसीच्या जाळीला लावलेला सुगंध, डॅशबोर्डची पॉलिश, अंगावरचा डिओ, मागच्या सीटवर ओढलेली सिगारेट, सगळं वर्ज्य. सुगंधी बाटली निघायच्या आदल्या दिवशीच काढून गाडी उघडी ठेवा. घाटात पुढे धूर ओकणारा ट्रक असेल तर एसीची बाहेरची हवा थोडा वेळ बंद करा, पण पूर्ण प्रवास तशीच कोंडलेली हवा ठेवू नका.

कॅरिअर मांडीवर घेणं

मागच्या सीटवर, कॅरिअरभोवती सीटबेल्ट. पुढच्या सीटवर एअरबॅग आहे, डिकीत हवा नाही आणि मांडीवरून तो पहिल्याच करकचून ब्रेकला खाली जातो. बेल्ट लागत नसेल तर पुढच्या सीटच्या मागे, पायांच्या जागेत, दोन बाजूंनी उशा लावून घट्ट बसवा.

कापड टाकताना अख्खा कॅरिअर झाकू नका. उन्हाची बाजू आणि वरचा भाग झाका, एक बाजू आपल्याकडे उघडी ठेवा. समृद्धी महामार्गाने जाणार असाल तर इगतपुरीजवळचा जवळपास आठ किलोमीटरचा बोगदा लक्षात ठेवा. उजेडातून एकदम बदललेला प्रकाश आणि घुमणारा आवाज यांना काही कॉकटील दचकतात. बोगद्याआधी कापड थोडं पुढे ओढा आणि त्याच्याशी नेहमीच्या आवाजात बोलत राहा.

आता खाणं

निघण्याआधी भरपेट नको, हलकं द्या. गाडी लागणारे पोपट असतात: मान हलवून दाणे उडवतात, डोक्याची पिसं चिकट होतात. बजीसारख्या लहान पक्ष्याला मात्र तासनतास उपाशी ठेवू नका, तळाशी राळ्याचं एक कणीस असू द्या. वाटीत पाणी ठेवलं तर ते सिन्नरच्या आतच चादरीत जातं. त्याऐवजी काकडीची चकती किंवा बिया काढलेलं सफरचंद लावा आणि गाडी थांबली की वाटीतून पाणी दाखवा. घरचंच पाणी बाटलीत घ्या.

नाशिकची द्राक्षं चालतात, पण मळ्याजवळच्या टपरीवर घेऊन तशीच देऊ नका. फवारणी असते, भरपूर पाण्यात धुवा. कांदा, चॉकलेट, ॲव्होकॅडो अजिबात नको. चिवडा, शेव, मिसळीतली फरसाणही नको, त्यांतलं मीठ आणि तेल त्याच्या आवाक्याबाहेरचं. ‘थोडंसंच दिलं’ म्हणणाऱ्या काकूंना पोपटाचं वजन सांगा: कॉकटीलचं शंभर ग्रॅमच्या आत-बाहेर असतं.

प्रवासात त्याला शांत ठेवायला माणसांची उलटीची किंवा झोपेची गोळी देऊ नका, अगदी पाव तुकडासुद्धा.

दार लागलं असं समजणं

पोपट दार बघून शिकतो. साधी कडी तो चोचीने उचलतो. बाहेरून एक छोटी स्क्रूची कडी लावा, गिर्यारोहणाच्या दुकानात मिळते तशी. प्लास्टिकचा टाय लावू नका, घाईत उघडायचा झाला तर कात्री शोधत बसाल. ढाब्यावर, पेट्रोल पंपावर, पार्किंगमध्ये दार उघडायचं नाही. उघडायचंच तर गाडीच्या सगळ्या काचा वर, दारं बंद. पंख कापलेला पक्षी उडत नाही हा समज वाऱ्याची एक झुळूक खोटा ठरवते. संक्रांतीच्या आसपास येवल्याकडे जात असाल तर दुप्पट जपा, आकाशात मांजाच मांजा असतो.

पोहोचल्यावर

पाहुण्यांच्या घरी गेल्यावर लगेच ‘सोडा हो त्याला, बघू दे मुलांना’ हा आग्रह होतो. छताचा पंखा बंद, खिडक्या बंद, आरशावर चादर, बादलीवर झाकण, मांजर दुसऱ्या खोलीत, एवढं झाल्याशिवाय नको. पहिला तास दोन तास कॅरिअरसकट एका शांत खोलीत ठेवा. स्वयंपाकघराजवळ तर नकोच. नॉनस्टिक तवा रिकामा तापला की त्यातून निघणारा वायू पोपटाला काही मिनिटांत मारू शकतो. देवघरातला धूप, कापूर आणि डास पळवायची कॉइल त्या खोलीत लावायची नाही, हे यजमानांना आधीच फोनवर सांगा. ऐनवेळी सांगितलं की माणसं दुखावतात. त्यांच्याकडे आधीच पक्षी असतील तर पिंजरे वेगवेगळ्या खोल्यांत ठेवा.

काही बिघडलं तर

चोच उघडी, पंख लांब, धाप: लगेच सावलीत आणा, पायांवर साध्या पाण्याचा हलका फवारा, चोचीजवळ पाण्याचा थेंब. बर्फ किंवा फ्रिजचं पाणी नको. दहा-पंधरा मिनिटांत उतार नसेल तर डॉक्टरकडे.

गाडी थांबून बराच वेळ झाला तरी श्वासागणिक शेपूट वर-खाली होणं, पिसं फुगवून डोळे मिटून तळाशी बसणं: थांबू नका, डॉक्टरकडेच. पोपट आजार शेवटपर्यंत लपवतो, दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. प्रत्येक जनावरांचा डॉक्टर पक्षी बघत नाही, म्हणून ज्या गावाला जाताय तिथला पक्षी बघणारा डॉक्टर निघण्याआधीच शोधून ठेवा.

पातळ विष्ठा: प्रवासात भीतीने पाण्याचा भाग वाढतो, तेवढ्याने घाबरू नका. पोहोचल्यावर दुसऱ्या दिवशीही तशीच असेल किंवा रंग बदलला असेल तर दाखवा.

पीस तुटून रक्त: कॉर्नफ्लोअर लावून दोन मिनिटं हलका दाब. छाती आवळू नका, हे पुन्हा सांगतो.

उडाला तर: पहिल्या काही मिनिटांत तो जवळच्या उंच झाडावरच बसलेला असतो. मागे धावू नका, झाडावर चढू नका, नजर हलवू नका. कॅरिअर उघडून खाली ठेवा आणि त्यात आवडतं खाणं घाला. घरात दुसरा पक्षी असेल तर त्याचा पिंजरा जवळ आणा, नाहीतर मोबाइलवर त्याचा आवाज लावा. उंचावरून खाली उतरायला अनेक पाळीव पोपटांना जमत नाही, म्हणून त्याच्यापेक्षा थोड्याच खालच्या पातळीवर, गच्चीवर वगैरे, ओळखीचं माणूस उभं करा. अंधार पडला की तो तिथेच रात्र काढतो. फांदी लक्षात ठेवून पहाटे उजाडण्याआधी खाली हजर राहा, भुकेला पक्षी त्या वेळी हाकेला येतो.