ख्यालाच्या मैफलीमागचा पडदा: या चुका टाळा

ख्यालगायनासोबत पडद्यावर दृश्यं चालवताना होणारा बहुतेक घोळ डीजेच्या कार्यक्रमाची सेटिंग्ज जशीच्या तशी उचलल्यामुळे होतो. तिथे ठेका रात्रभर एका वेगात चालतो. इथे लय बढतीबरोबर (रागाच्या टप्प्याटप्प्याने होणाऱ्या विस्ताराबरोबर) सरकते आणि ऐकणाऱ्याचा जीव समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, अडकलेला असतो.

पहिली चूक ऑटो बीपीएम, म्हणजे सॉफ्टवेअरने आवाजावरून मिनिटाचे ठोके आपोआप ओळखण्याची सोय, चालू ठेवण्याची. विलंबित (संथ) एकतालात मात्रा चार सेकंदांची धरली, तर १२ मात्रांचं आवर्तन ४८ सेकंदांचं होतं. सॉफ्टवेअरला ही मात्रा कळत नाही. मात्रेच्या पोटात भरलेले ‘तिरकिट’सारखे बोल मात्र नेमके कळतात. मग आकडा कधी ६०, कधी १२० दाखवतो आणि चित्र उगाचच धडधडायला लागतं. ऑटो बंद करा, एक मिडी पॅड (बोटाने दाबून सॉफ्टवेअरला हुकूम देणारं बटणांचं यंत्र) घ्या आणि मोठे बदल हातानेच सोडा. समेचा आवाज ऐकून पॅड दाबला, तर उशीर ठरलेलाच. मुखडा (बंदिशीची समेकडे नेणारी सुरुवातीची ओळ) शेवटच्या एक-दोन मात्रांत उचलला जातो. तो ऐकू आला की शेवटच्या मात्रेवर चार सेकंदांचा फेड (चित्राचा हळूहळू होणारा बदल) सुरू करायचा आणि तो समेवर पूर्ण होऊ द्यायचा. पॅडवर ताल मोजू शकणाराच माणूस बसवा, आणि त्याला तबलजीचा हात दिसेल अशा जागी. समेवर चित्र बदलणं दर आवर्तनाला लागत नाही. तीन-चार आवर्तनांतून एकदा पुरतं.

दृश्यं आवाजावर हलवायची असतील, तर लॅपटॉपच्या माइकवर अवलंबून राहू नका. त्यात टाळ्या आणि पंखेही येतात. मिक्सरवरून डग्ग्याच्या माइकची वेगळी ऑक्स लाइन (मुख्य आवाजापासून स्वतंत्र काढलेली जोडणी) मागा. ‘सगळ्याचा मिक्स घेऊ आणि १५० हर्ट्झच्या खालचंच ठेवू’ हा शॉर्टकट फसतो. काळी एकमध्ये (सी शार्प पट्टीत) गाणाऱ्या पुरुष गायकाचा मध्य सा साधारण १३९ हर्ट्झवर असतो. गायक मंद्रात (खालच्या सप्तकात) उतरला की आवाज थेट डग्ग्याच्या पट्ट्यात शिरतो, आणि तानपुऱ्याची खर्जाची तार ६९ हर्ट्झच्या आसपास अखंड चालूच असते. परिणाम असा की पडदा सतत फुललेला राहतो, डग्गा वाजला तरी काही हलत नाही. वेगळ्या लाइनवरही थ्रेशोल्ड (ज्याखालचा आवाज धरायचाच नाही ती पातळी) ठेवा आणि रिलीज (चित्र पुन्हा शांत व्हायला लागणारा वेळ) ४०० ते ६०० मिलिसेकंद द्या. डग्ग्याची घसीट (तळहात घासून काढलेला लांबता सूर) तेवढ्यात विरते.

चित्र मागे पडतंय असं वाटलं, तर दोष बहुधा प्रोजेक्टरचा. डिजिटल कीस्टोन (तिरकं पडलेलं चित्र सरळ करणारी सोय) आणि चित्र ‘सुधारणारी’ फिल्टर्स बंद करा, गेम मोड (उशीर कमी करणारी सेटिंग) लावा. किती उशीर होतो हे मोजता येतं: पॅडवर टिचकी मारून पडदा पांढरा करा आणि बोट व पडदा दोन्ही फोनवर २४० फ्रेमच्या स्लो मोशनमध्ये टिपा. बोट टेकल्यापासून पडदा उजळेपर्यंतच्या फ्रेम मोजा. एक फ्रेम म्हणजे सुमारे ४ मिलिसेकंद. आवाज चित्राच्या ४५ मिलिसेकंद पुढे गेला की डोळ्याला खटकू लागतं. मागे राहिला तर सव्वाशेपर्यंत खपून जातं. त्यामुळे २० मीटर मागच्या रांगेत आवाज ५८ मिलिसेकंद उशिरा पोहोचला, तरी तिथे तक्रार येत नाही. तपासणी पहिल्या रांगेत करा.

प्रकाशाचं गणित तर बरेचदा कुणी केलेलंच नसतं. ४ मीटर रुंद, सव्वादोन मीटर उंच पडद्यावर ५००० ल्यूमेनचा प्रोजेक्टर जास्तीत जास्त ५५५ लक्स (दर चौरस मीटरला पडणारे ल्यूमेन) देतो. रंगमंचाच्या दिव्यांचे १०० लक्स पडद्यावर सांडले, की पांढरा रंग काळ्याच्या जेमतेम साडेसहापट उजळ उरतो आणि गडद निळं आकाश राखाडी दिसतं. आधी दिवे बाजूने, पडद्याला चुकवून लावा. गायकाच्या चेहऱ्यावर चित्र पडत असेल, तर तेवढा भाग मास्क करून काळा ठेवा किंवा मागून प्रक्षेपण करा.

आता आशयाची चूक, आणि खरं तर हीच सगळ्यात मोठी. बंदिशीत ‘बादल’ आला की ढग, ‘पिया’ आला की पाठमोरी स्त्री! मुखडा परत परत येणार. तिसऱ्यांदा तेच ढग आले की सभागृहात हसू फुटतं. रागमाला चित्रं (रागांना रूप देणारी जुनी लघुचित्रं) पाहा: तोडीच्या चित्रात वीणा घेतलेली स्त्री आणि भोवती हरणं असतात, मग बंदिशीचे शब्द काहीही असोत. चित्र रागाचं आहे, ओळीचं नाही. १९१० मध्ये पूर्ण झालेल्या ‘प्रोमेथियस’ या वाद्यवृंदाच्या रचनेत रशियन संगीतकार स्क्रियाबिनने प्रकाशासाठी स्वतंत्र ओळ लिहिली, तीही दोन थरांची: एक स्वरमेळांबरोबर (एकत्र वाजणाऱ्या सुरांबरोबर) बदलणारा, दुसरा फार सावकाश सरकणारा. ख्यालाला हा सावकाश थर जास्त मानवतो. आलापात रंग एका छटेतून शेजारच्या छटेत जायला दोन-तीन मिनिटं घेऊ द्या, आणि डग्ग्याला फक्त चित्राच्या कडेचा पोत हलवू द्या.

द्रुतात (जलद लयीत) तानांबरोबर चित्रं कापायचा मोह होतो. सेकंदाला तीनपेक्षा जास्त लखलखाट कधीच नको. प्रकाशाने फिट येणाऱ्यांना त्याचा धोका असतो.

स्पीकरमधून गुणगुण आली, तर आधी लॅपटॉपचा चार्जर काढून पाहा. ती थांबली, तर अर्थिंगचा लूप आहे, म्हणजे दोन उपकरणं दोन वाटांनी अर्थिंगला जोडली गेली आहेत. लॅपटॉप आणि मिक्सरच्या मध्ये आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर असलेला डीआय बॉक्स (दोघांमधली थेट विजेची जोडणी तोडून फक्त आवाज पुढे नेणारी पेटी) लावा. प्लगची अर्थिंगची पिन काढून टाकायची युक्ती कुणी सुचवलीच, तर साफ नाही म्हणा.