जुन्या इंग्लिश बुद्धिबळपटूंची ओळख कशी शोधायची

व्हिक्टोरियन काळातल्या एखाद्या मासिकात डाव छापलेला असतो आणि वर एवढंच: ‘मि. जे. हॉल, ब्रॅडफर्ड’. हा हॉल कोण, कधी जन्मला, पोटासाठी काय करायचा? शोधायला बसणारे बहुतेक जण पहिल्या पायरीवरच घसरतात. वंशावळीच्या संकेतस्थळावर नाव टाकतात आणि ब्रॅडफर्डमधला पहिला बरा दिसणारा हॉल उचलतात. मग आईबाप, बायको, मुलं सगळं सापडतं. हा हॉल पटावर कधी बसला होता का, तेवढंच कळत नाही. म्हणून आधी बुद्धिबळाचे कागद संपवायचे, मग सरकारी नोंदी उघडायच्या. आणि दोन्हीकडचा माणूस एकच आहे हे सांगणारा निदान एक कागद मिळेपर्यंत ओळख पटली असं म्हणायचं नाही.

बुद्धिबळाच्या बाजूने सुरुवात ‘चेस प्लेयर्स क्रॉनिकल’ (1841 पासून), ‘वेस्टमिन्स्टर पेपर्स’ (1868 ते 1879), ‘चेस मंथली’ (1879 ते 1896) आणि ‘ब्रिटिश चेस मॅगझिन’ (1881 पासून) यांनी करावी. जुने अंक स्कॅन होऊन इंटरनेट आर्काइव्ह आणि गूगल बुक्सवर बऱ्यापैकी मिळतात. जन्ममृत्यूच्या तारखांसाठी जेरेमी गेज यांचा 1987 चा ‘चेस पर्सोनालिया’ हा कोश आधी पाहावा. तिथे नाव असेल तर निम्मं काम वाचतं, पण तारीख मूळ नोंदीशी ताडून पाहायचीच.

खरा खजिना गावोगावच्या वर्तमानपत्रांत आहे. ब्रिटिश न्यूजपेपर आर्काइव्हमध्ये शोध फुकट आहे, बहुतेक पानं उघडायला पैसे पडतात. अडचण अशी की बुद्धिबळाचे स्तंभ बारीक टायपात छापलेले असत, आणि यंत्राने वाचताना आडनावांचं वाटोळं होतं. यावर उपाय म्हणजे हव्या असलेल्या माणसाला शोधायचंच नाही. दोन क्लबांच्या सामन्याच्या वृत्तांतात सगळ्या पटांची यादी असते. त्यातलं सगळ्यात विचित्र आडनाव निवडायचं आणि त्यासोबत गावाचं नाव टाकून शोधायचं. हॉल हजार सापडतील, पण त्याच्या शेजारच्या पटावरचा तो विचित्र आडनावाचा गडी एकच निघेल, आणि तो जिथे खेळला तिथे आपला हॉलही असेल. दुसरी जागा क्लबाच्या वार्षिक सभेची. हंगाम साधारण शरद ऋतूपासून वसंतापर्यंत चाले, म्हणून सप्टेंबर-ऑक्टोबरचे अंक चाळावेत. अध्यक्ष, चिटणीस, खजिनदार यांची नावं तिथे बऱ्याचदा पूर्ण छापत.

सापडेल तो प्रत्येक उल्लेख एका ओळीत टिपत जावा: तारीख, गाव, क्लब, नाव नेमकं जसं छापलंय तसं, आणि ताकद. ताकद कळते ती सवलतींच्या स्पर्धांमधून, म्हणजे जिथे बलवान खेळाडू दुबळ्यासमोर आपलं एखादं मोहरं आधीच काढून खेळतो. 1872 साली ज्याला समोरचा घोडा काढून देत होता, तो पुढच्याच वर्षी पहिल्या, म्हणजे सगळ्यात बलवान वर्गात दिसला, तर बहुधा हे दोन हॉल आहेत. बाप-लेक किंवा भाऊ असण्याची शक्यता आधी तपासावी. कूटप्रश्नांच्या स्तंभांत तर हे नेहमीचंच: जे. पिअर्स आणि डब्ल्यू. टी. पिअर्स ही एकाच माणसाची दोन रूपं नव्हेत, जेम्स आणि विल्यम टिंब्रेल हे सख्खे भाऊ होते.

आडनाव एकच असल्याने होणारे घोटाळे मोठ्या स्पर्धांतही दिसतात. 1851 च्या लंडनच्या पहिल्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत सोळा खेळाडू होते आणि त्यांत केनेडी दोन. कॅप्टन एच. ए. केनेडी पहिल्या फेरीत मायेटशी खेळला, ई. एस. केनेडी मकलोशी. नुसतं ‘केनेडी’ लिहिलेला डाव समोर आला तर प्रतिस्पर्ध्यावरून ठरवायचं. 1862 च्या डावावर कुणी अलेक्झांडर मॅकडॉनेल हे नाव चिकटवलं असेल तर ते बेलाशक खोडावं. तो 1835 सालीच वारला. हा डाव पाद्री जॉर्ज अल्कॉक मॅकडॉनेलचा असणार.

टोपणनावांचा बंदोबस्त वेगळा. पाद्री, वकील, सरकारी नोकर यांना आपलं नाव खेळाच्या पानावर नको असायचं. 1858 मध्ये अमेरिकन खेळाडू मॉर्फीशी खेळलेला ‘आल्टर’ म्हणजे रेव्हरंड जॉन ओवेन. पाद्री असल्याचा सुगावा लागला की काम सोपं होतं, कारण क्रॉकफर्डची पाद्र्यांची निर्देशिका 1858 पासून आहे आणि ऑक्सफर्ड-केंब्रिजच्या माजी विद्यार्थ्यांच्या छापील याद्या आहेत. बहुतेक पाद्री तिथलेच पदवीधर. याउलट, 1866 चा ब्रिटिश विजेता सेसिल डी व्हिअर याचं खरं नाव काय, यावर जुनी पुस्तकं आणि नंतरचं संशोधन एकमेकांशी जुळत नाही. अशा वेळी छापील चरित्रावर विसंबू नये.

बायकांच्या बाबतीत संबोधन नीट वाचावं. घरातल्या थोरल्या अविवाहित मुलीला नुसतं ‘मिस’ आणि आडनाव, धाकट्यांना पहिल्या नावासह, असा शिष्टाचार होता. 1897 ची महिलांची लंडन स्पर्धा जिंकणाऱ्या मेरी रज हिच्या बहिणीही खेळत, त्यामुळे आधीच्या वर्षांतली प्रत्येक ‘मिस रज’ मेरीच असेल असं नाही. लग्न झालेलीच्या नावापुढे नवऱ्याची आद्याक्षरं येतात, म्हणून आधी नवरा शोधावा लागतो.

आता सरकारी नोंदी. इंग्लंड-वेल्समध्ये जन्म, विवाह आणि मृत्यूची नोंदणी 1 जुलै 1837 पासून. जनरल रजिस्टर ऑफिसच्या स्वतःच्या ऑनलाइन सूचीत आईचं माहेरचं आडनाव अगदी सुरुवातीपासून मिळतं; जुन्या तिमाही सूचीत ते 1911 च्या सप्टेंबर तिमाहीपासूनच आहे. सामान्य आडनावासाठी हा फरक फार मोलाचा. तिमाही ही नोंदीची असते, जन्माची नव्हे. नोंदणीला 42 दिवसांची मुदत होती, त्यामुळे फेब्रुवारीच्या शेवटी जन्मलेलं मूल जून तिमाहीत सापडू शकतं. 1875 पूर्वी जन्म नोंदवण्याची सक्ती ढिली होती. नोंद नसेल तर बाप्तिस्म्याच्या वह्या पाहाव्यात. विवाहाच्या दाखल्यात बापाचं नाव आणि धंदा असतो. वयापुढे ‘पूर्ण वयाचा’ असेल तर अर्थ एवढाच की 21 किंवा त्याहून जास्त.

जनगणना दर दहा वर्षांनी. 1841 मध्ये मोठ्यांची वयं पाचाच्या पटीत खाली आणून लिहिली आहेत आणि नातं दिलेलं नाही, म्हणून 1851 पासूनच्या नोंदींवर भिस्त ठेवावी. वय दोन-तीन वर्षांनी हलतं, जन्मगाव सहसा कमी हलतं. 1931 ची जनगणना आगीत गेली; तिची जागा 29 सप्टेंबर 1939 चं रजिस्टर काही अंशी भरून काढतं, आणि त्यात जन्मतारीखही आहे. एखादा खेळाडू मधल्याच जनगणनेतून गायब झाला तर तो हिंदुस्थानात असण्याची शक्यता पाहावी. लष्करी आणि मुलकी नोकरीतले कितीतरी जण इकडे होते. त्यांच्या बाप्तिस्मा, लग्न आणि दफनाच्या नोंदी ब्रिटिश लायब्ररीच्या इंडिया ऑफिस दप्तरात आहेत: बंगाल एन/1, मद्रास एन/2, मुंबई एन/3. पुणे-मुंबईच्या छावण्यांतली लग्नं तिसऱ्या मालिकेत शोधावीत.

दोन्ही बाजूंना जोडायला सगळ्यात भरवशाचं साधन म्हणजे 1858 पासूनची मृत्यूपत्रांची छापील सूची. तिच्यात पत्ता, मृत्यूची तारीख आणि बऱ्याचदा व्यवसाय असतो. पत्रांतून खेळायच्या स्पर्धांसाठी खेळाडूंचे पत्ते छापले जात. तो पत्ता आणि सूचीतला पत्ता एकच निघाला तर ओळख पक्की. मधली वर्षं ‘केलीज’ किंवा पोस्ट ऑफिसच्या नाव-पत्त्यांच्या निर्देशिकांनी भरावीत. अनेक निर्देशिका लेस्टर विद्यापीठाच्या संग्रहात फुकट पाहायला मिळतात. स्थानिक वर्तमानपत्रातला मृत्युलेखही चालतो, पण त्यात बुद्धिबळाचा उल्लेख हवा. नुसतं नाव आणि गाव जुळलं तर तो पुरावा नव्हे.

असा कागद नाही मिळाला, तर टिपणात उमेदवार दोन असतील तर दोघेही लिहावेत, आणि जो बाद झाला तो कशामुळे तेही: वय, स्थलांतर, आधीच मृत्यू. हॉवर्ड स्टॉन्टनसारख्या नामांकित बुद्धिबळपटूचीही त्या नावाची जन्मनोंद अजून कुणाला सापडलेली नाही, तेव्हा ब्रॅडफर्डच्या हॉलपुढे ‘बहुधा’ लिहायला संकोच करू नये.