पुन्हा साथ आली तर: घरातल्या स्वभावांप्रमाणे दिवस कसा आखायचा

२०२० च्या लॉकडाऊनमध्ये डोंबिवलीच्या वन बीएचकेत आम्ही चौघं, स्वभाव चार तऱ्हांचे. आणि व्हॉट्सअॅपवर सल्ला मात्र सगळ्यांना एकच: ‘पॉझिटिव्ह राहा, योगा करा.’ तो कुणालाच लागू पडला नाही. लागू पडलं ते लिहून ठेवतेय.

आधी घरातलं चिंताखोर कोण, ते हेरा. मानसशास्त्रात स्वभावाचे मुख्य पाच गुण मानतात. त्यातला चटकन घाबरण्याचा गुण साथीत सगळ्यात जड जातो, असं कोविडवरच्या अभ्यासांत पुन्हापुन्हा दिसलं. आमच्याकडे हा मान माझा! अशा माणसाला ‘काळजी करू नकोस’ म्हणून काही उपयोग नसतो. काळजीला वेळ ठरवून द्या. मी संध्याकाळी सहाला वही घेऊन बसायचे. ‘सिलिंडर संपला तर’, ‘सासऱ्यांना बेड मिळाला नाही तर’, दिवसभर डोक्यात घोळलेलं सगळं उतरवायचं. ज्यावर हातपाय हलवता येतील त्यापुढे काम लिहायचं: नंबर लावणे, मेडिक्लेमचे कागद शोधणे. बाकीच्यावर रेघ. अर्ध्या तासाने वही बंद. राज्यातल्या कोरोना रुग्णांचे रात्री येणारे आकडे सकाळीच बघायचे, अंथरुणात नाही. ऑक्सिमीटरही डॉक्टर सांगतील तेवढ्याच वेळा लावा. बोट गार असलं, नेलपॉलिश असलं तरी आकडा खाली दिसू शकतो, आणि मग झोपेचं खोबरं.

गप्पिष्ट माणसाचं वेगळंच. सासरे रेल्वेतून रिटायर झालेले. संध्याकाळचा कट्टा बंद झाला आणि ते टीव्हीसमोर नुसते बसून राहू लागले. एरवी अशी माणसं हसतीखेळती म्हणून आपण निर्धास्त असतो. पण लॉकडाऊनने नेमकी माणसंच तोडली. त्यांना ‘फोन करत जा’ एवढं सांगून भागत नाही. साडेपाचला कट्टेकऱ्यांचा ग्रुप कॉल ठरवला, तो जोडून द्यायचं काम नातीचं. शिवाय लोकांशी बोलल्याशिवाय होणारच नाही असं काहीतरी गळ्यात घाला. सोसायटीच्या भाजीची यादी त्यांच्याकडे दिली, तर कोणाला किती गवार हवी यावर ते पाऊण-पाऊण तास बोलायचे.

लेक अबोल, तिला घरात राहणं सोपं असं सगळ्यांना वाटायचं. पण एवढ्याशा घरात एकांत कुठला? दुपारी तासभर आतली खोली तिची, कोणी हाक मारायची नाही. जेवण मात्र सगळ्यांसोबत, कारण अबोल माणूस खचला तर पटकन कळत नाही.

नवरा शिस्तीचा. मास्क, सॅनिटायझर, औषधांचा डबा त्याच्यावर सोपवून टाकला. दुधाच्या पिशव्या किती वेळ धुवायच्या, यावर अशांशी वाद घालू नये.

आणि एक. झोप, भूक दोन आठवडे बिघडलेलीच राहिली, कशातच मन लागेना, तर ‘त्याचा स्वभावच तसा’ म्हणून सोडून देऊ नका. आता सरकारची टेलिमानस हेल्पलाइन आहे, १४४१६. फोन फुकट, चोवीस तास, आणि मराठीत बोलता येतं. जीव नको वाटतोय असं कोणी बोललं, तर दोन आठवडे थांबायचं नाही, तेव्हाच लावायचा.