नकोशा मेसेजची तक्रार करा, नुसता डिलीट नको

दुपारी आई जरा पडली की हमखास फोन वाजायचा. कर्ज हवंय का, प्लॉट घ्यायचाय का. ती दचकून उठायची, ते पाहून फार वाईट वाटायचं. शेवटी जाहिरातीचे कॉल आणि मेसेज बंद व्हावेत म्हणून तिच्या नंबरवरून इंग्रजीत स्टार्ट, मग एक जागा सोडून शून्य असं लिहून 1909 वर पाठवलं. 1909 ला फोन लावूनही हे होतं. ओटीपी आणि बँकेचे व्यवहाराचे मेसेज यानंतरही येतात, ती काळजी नको.

तरीही कोणी त्रास दिलाच तर मेसेज लगेच पुसू नका, तोच तर पुरावा. मजकूर, पाठवणाऱ्याचं नाव किंवा नंबर आणि तारीख 1909 वरच पाठवा, 7 दिवसांच्या आत. ट्राय या दूरसंचार नियामक संस्थेच्या डीएनडी (डू नॉट डिस्टर्ब) अ‍ॅपवरून ते आणखी सोपं. नुसतं ब्लॉक केलं तर तो उद्या दुसऱ्या नंबरवरून येतो. तक्रारी साठल्या की त्याची लाइनच बंद होऊ शकते. म्हणून मी आळस करत नाही.

पाठवणाऱ्याच्या नावाच्या शेवटचं अक्षरही बघा: पी म्हणजे जाहिरात, जी म्हणजे सरकारी. जाहिरातीच्या कॉलसाठी 140 ने सुरू होणारे नंबर ठरवून दिलेत, त्यामुळे साध्या दहा आकडी मोबाइलवरून कोणी काही विकायला लागला तर तोही तक्रारीत घाला.

केवायसी संपलं, वीज तोडू अशी धमकी असेल तर लिंक उघडू नका, संचार साथी या सरकारी पोर्टलवरच्या ‘चक्षू’ या तक्रार सुविधेवर कळवा. पैसे गेलेच असतील तर आधी 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन.